कृष्णाकाठचे यशवंतराव

महाबळेश्वराच्या डोंगरात उगम पावलेल्या कृष्णा आणि कोयना या दोन नद्या दूरदूरच्या वाटांनी वाहत येऊन कराड येथे समोरासमोर भेटतात. या संगमाला लोक प्रीतिसंगम म्हणतात. संगमाच्या काठी एक समाधी आहे. कराडच्या न्यायालयातील एका बेलिफाचा मुलगा, त्याच गावात काही काळ वकिली केलेला एक तरुण, पुढे महाराष्ट्र राज्याचा पहिला मुख्यमंत्री झाला आणि देशाचे संरक्षण, गृह, अर्थ व परराष्ट्र ही चारही मोठी खाती त्याने सांभाळली. त्या यशवंतराव चव्हाणांची ही समाधी होय.

यशवंतरावांचा जन्म १२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे या गावी झाला. हे त्यांचे आजोळ. त्या वेळी ते सातारा जिल्ह्यात होते. आता ते सांगली जिल्ह्यात मोडते. गाव लहान, जमीन कोरडवाहू आणि माणसे कष्टाळू. जवळच सागरेश्वराचे प्राचीन देवस्थान आहे. बाळंतपणात विठाबाईंच्या जिवावर बेतले होते. तेव्हा आजीने सागरोबाला साकडे घातले आणि यश मिळाले म्हणून मुलाचे नाव यशवंत ठेवले, असे घरात सांगत असत.

वडील बळवंतराव कराडच्या न्यायालयात बेलिफाची नोकरी करीत. यशवंत चार-पाच वर्षांचा असतानाच प्लेगच्या साथीत वडील गेले. घरात विठाबाई आणि मुले एवढीच माणसे उरली. शेती बेताची, पैसा नाही आणि विठाबाईंना अक्षरओळखही नाही. पण ही माउली खचली नाही. पहाटे जात्यावर बसून ती ओव्या म्हणे आणि संकटे आली तरी डगमगू नये, असे त्या ओव्यांतूनच मुलांना सांगे. आपण शिकलो नाही, पण मुलांनी शिकलेच पाहिजे, हा तिचा निश्चय होता. थोरले बंधू ज्ञानोबा यांनी शिक्षण सोडून नोकरी धरली. मधले बंधू गणपतराव यांनीही संसाराचा भार उचलला. दोन भावांचे शिक्षण थांबले, म्हणून तिसऱ्याचे चालू राहिले. ही गोष्ट यशवंतराव जन्मभर विसरले नाहीत.

कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये यशवंताचे शिक्षण सुरू झाले. एकदा गुरुजींनी वर्गातील मुलांना पुढे आपण कोण होणार ते कागदावर लिहावयास सांगितले. कोणी टिळकांचे नाव लिहिले, तर कोणी दुसऱ्या एखाद्या थोर पुरुषाचे. यशवंताने मात्र आपण यशवंतराव चव्हाण होणार, असे लिहिले. गुरुजींना हा मुलगा अहंकारी वाटला. पण त्याच्या मनात अहंकार नव्हता. दुसऱ्या कोणाची प्रतिकृती होण्यापेक्षा आपल्या अंगी जे काही असेल ते वाढवावे, एवढाच त्याच्या लिहिण्याचा अर्थ होता.

तो काळ स्वातंत्र्यसंग्रामाचा होता. १९२९ साली लाहोरच्या तुरुंगात जतींद्रनाथ दास या तरुण क्रांतिकारकाने राजकीय कैद्यांच्या हक्कांसाठी उपोषण आरंभिले. कराडचा हा शाळकरी मुलगा रोज वर्तमानपत्रातून त्यांच्या प्रकृतीचे वृत्त वाची. त्रेसष्टाव्या दिवशी जतींद्रनाथांचे प्राणोत्क्रमण झाले. ते वृत्त वाचून यशवंताला रडू आवरेना. न पाहिलेल्या त्या माणसाच्या मरणाने त्याच्या आयुष्याची दिशा ठरविली. १९३० च्या सत्याग्रहात त्याने भाग घेतला. पुढच्याच वर्षी पुण्यातील वक्तृत्वस्पर्धेत ऐनवेळी मिळालेल्या ग्रामसुधारणा या विषयावर बोलून त्याने पहिले बक्षीस मिळविले. पुस्तकांतून हा विषय वाचावा लागला नव्हता. खेडे त्याने डोळ्यांनी पाहिलेले होते.

२६ जानेवारी १९३२ रोजी, सरकारची बंदी असताना, यशवंताने आपल्या मित्रांसह शाळेच्या आवारात तिरंगी ध्वज फडकाविला. पोलिसांनी त्याला पकडले. तेव्हा त्याला एकोणीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती आणि मॅट्रिकची परीक्षा अद्याप व्हावयाची होती. विठाबाई मुलाला भेटावयास कोठडीकडे गेल्या. त्यांच्याबरोबर शाळेतील एक शिक्षक होते. मुलाने माफी मागितली तर त्याची सुटका होऊ शकेल, असे त्यांनी कळवळ्याने सुचविले. विठाबाईंच्या डोळ्यांत पाणी होते, पण त्यांनी माफीची गोष्ट तत्काळ झिडकारली. चोरी केली नाही, तर माफी कशाची, असाच त्यांच्या बोलण्याचा आशय होता. मुलाला त्यांनी फक्त प्रकृतीला जपावयास सांगितले. यशवंताला अठरा महिन्यांची शिक्षा झाली.

येरवड्याचा तुरुंग हीच त्याची दुसरी शाळा ठरली. तेथे आचार्य भागवतांसारखे विद्वान सत्याग्रही होते. त्यांच्याकडून यशवंताने संस्कृत काव्याचा रसास्वाद घ्यावयास शिकले. गांधीजींचा मार्ग, समाजवाद, शेतकऱ्यांचे दारिद्र्य यांवर बराकीत रात्रंदिवस चर्चा चालत. गावातून आलेल्या या तरुणाने तेथे भरपूर वाचले आणि त्याहूनही अधिक ऐकले. स्वराज्य म्हणजे केवळ इंग्रजांचे जाणे नव्हे. गरिबाच्या घरात भाकरी आणि पाटी-पुस्तक पोचले पाहिजे, हा विचार त्याच्या मनात येथेच रुजला.

सुटका झाल्यावर १९३४ साली तो मॅट्रिक झाला. पुढे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात इतिहास व राज्यशास्त्र हे विषय घेऊन त्याने १९३८ साली बी. ए. ची पदवी मिळविली. मग पुण्याच्या विधी महाविद्यालयात कायद्याचा अभ्यास केला आणि १९४१ साली एल्‌एल. बी. होऊन यशवंतराव कराडला परतले. ज्या न्यायालयाच्या नोटिसा घेऊन बळवंतराव गावोगाव पायपीट करीत, त्याच न्यायालयात त्यांचा मुलगा वकिलाचा काळा डगला घालून उभा राहिला. विठाबाईंना त्या दिवशी काय वाटले असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

यशवंतराव मुख्यतः फौजदारी खटले चालवीत. पक्षकार बहुधा खेड्यातील शेतकरी असत. बांधावरून भांडण, भाऊबंदकीतून मारामारी, सावकाराचा जाच, अशी त्यांची गाऱ्हाणी असत. कायद्याच्या पुस्तकात न सापडणारा समाज या निमित्ताने यशवंतरावांना जवळून पाहता आला. दोन्ही बाजू शांतपणे ऐकून घेणे, प्रतिपक्षाच्या बोलण्यातील खरे तेवढे मान्य करणे आणि मग आपले म्हणणे मोजक्या शब्दांत मांडणे, ही वकिलाची सवय त्यांना लागली. पुढे राजकारणात याच सवयीने त्यांना साथ दिली.

वकिलीत जम बसू लागला होता. कष्टाचे दिवस आता संपतील, अशी आशा घरात निर्माण झाली होती. २ जून १९४२ रोजी फलटणच्या वेणूताई यांच्याशी यशवंतरावांचा विवाह झाला. परंतु संसाराची घडी बसण्यापूर्वीच देशात वणवा पेटला. ८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर काँग्रेसने इंग्रजांना हिंदुस्थान सोडून जाण्यास सांगणारा ठराव केला. यशवंतराव त्या अधिवेशनास गेले होते. नेत्यांना अटक झाल्याचे कळताच ते सातारा जिल्ह्यात परतले आणि भूमिगत झाले. लग्नाला अवघे दोन महिने झाले होते. वकिलीची पुस्तके कपाटात राहिली.

सातारा जिल्ह्यातील लोकांनी तालुक्यातालुक्यांच्या कचेऱ्यांवर मोर्चे नेण्याचे ठरविले. कराड, तासगाव येथे हजारो शेतकरी शिस्तीने मोर्चात आले. ९ सप्टेंबर रोजी वडूज येथे पोलिसांनी मोर्च्यावर गोळीबार केला. हाती तिरंगा घेतलेले परशुराम घार्गे आणि त्यांचे सहकारी धारातीर्थी पडले. दुसऱ्या दिवशी इस्लामपुरातही गोळ्या चालल्या. या आंदोलनाच्या संघटकांत यशवंतराव होते. निःशस्त्र माणसे बळी पडलेली पाहून त्यांचे मन फार व्यथित झाले. सरकारने त्यांना पकडून देणाऱ्यास बक्षीस जाहीर केले. रात्री एका गावी, पहाटे दुसऱ्या गावी, असा त्यांचा प्रवास चाले. शेतकऱ्यांनी त्यांना आपल्या घरी लपविले, पण बक्षिसाच्या लोभाने कोणी त्यांना धरून दिले नाही.

पोलिसांना यशवंतराव सापडेनात, तेव्हा त्यांनी घरच्या माणसांकडे मोर्चा वळविला. १९४३ च्या जानेवारीत, लग्नानंतरच्या पहिल्याच संक्रांतीला, वेणूताईंना अटक झाली. ज्या दिवशी नव्या सुनेच्या हातात तिळगूळ द्यावयाचा, त्या दिवशी ती तुरुंगात गेली. गणपतरावांनाही पकडण्यात आले. याच काळात थोरले बंधू ज्ञानोबा वारले. तुरुंगातून सुटल्यावर वेणूताई आजारी पडल्या आणि फलटणला माहेरी गेल्या. त्यांची प्रकृती चिंताजनक असल्याचे कळताच यशवंतरावांसमोर कठीण प्रश्न उभा राहिला. जावे तर अटक ठरलेली आणि न जावे तर जिच्यावर हा प्रसंग आपल्यामुळे ओढवला तिला एकटे सोडल्यासारखे होणार. ते फलटणला गेले, वेणूताईंना भेटले आणि तेथेच पोलिसांच्या हाती लागले. १९४४ साली त्यांची सुटका झाली. वेणूताईंची प्रकृती पुढे जन्मभर नाजूकच राहिली. पण आपल्या वाट्याला काय आले याविषयी त्यांनी कधी तक्रार केली नाही.

१९४६ साली प्रांतिक विधिमंडळाच्या निवडणुका झाल्या. दक्षिण सातारा भागातून यशवंतराव निवडून आले. बाळासाहेब खेर मुख्यमंत्री झाले आणि यशवंतरावांना गृहखात्याचे संसदीय चिटणीस नेमण्यात आले. बाहेरून पाहणाऱ्यास हा मान वाटला असता. घरात मात्र चिंता होती. गणपतराव क्षयाने आजारी, कुटुंब मोठे आणि मिळवता हात एकच. वकिली चालविली असती तर घरची ओढगस्त संपली असती. मुंबईतील चिटणिसाच्या तुटपुंज्या वेतनात दोन ठिकाणचा खर्च भागविणे कठीण होते. यशवंतराव काही काळ द्विधा मनःस्थितीत होते. शेवटी त्यांनी वकिलीकडे पाठ फिरविली आणि सार्वजनिक कार्य हेच जीवितकार्य मानले. त्यानंतर लवकरच गणपतरावही निवर्तले. आपल्या शिक्षणासाठी झिजलेल्या दोन्ही भावांना सुखाचे दिवस दाखविता आले नाहीत, ही खंत यशवंतरावांच्या मनात कायम राहिली.

१९४८ च्या सुमारास केशवराव जेधे, शंकरराव मोरे आदी नेते काँग्रेस सोडून गेले व त्यांनी शेतकरी कामगार पक्ष काढला. यशवंतरावांचे कित्येक स्नेही त्यांत होते. तरीही ते काँग्रेसमध्येच राहिले. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर मोरारजी देसाई मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले आणि त्यांच्या मंत्रिमंडळात यशवंतराव नागरी पुरवठा खात्याचे मंत्री झाले. धान्याची टंचाई, रेशनच्या रांगा आणि काळाबाजार यांनी लोक त्रासले होते. अन्नधान्याच्या वाटपाचे हे किचकट काम त्यांनी संयमाने केले.

याच सुमारास त्यांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण परीक्षा समोर आली. भाषेच्या तत्त्वावर राज्ये निर्माण होत होती. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र व्हावा, अशी मराठी माणसाची उत्कट इच्छा होती. केंद्र सरकार मात्र मुंबई महाराष्ट्रात देण्यास तयार नव्हते. लोक रस्त्यावर उतरले. १९५५ च्या नोव्हेंबरात व १९५६ च्या जानेवारीत मुंबईत गोळीबार झाले. या आंदोलनात शंभराहून अधिक माणसांनी प्राण गमावले. केंद्रीय अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी आपल्या पदाचा राजीनामा दिला. यशवंतरावांनाही संयुक्त महाराष्ट्र हवा होता. परंतु काँग्रेसशी आणि पंडित नेहरूंशी भांडण करून तो मिळणार नाही, असे त्यांचे मत होते. १९५५ च्या अखेरीस फलटण येथे त्यांनी जाहीरपणे सांगितले की, नेहरू आणि संयुक्त महाराष्ट्र यांतून एकाची निवड करण्याची वेळ आली, तर आपण नेहरूंच्या बाजूने उभे राहू.

या उद्गारांनी महाराष्ट्र खवळला. ज्या जिल्ह्याने त्यांना बेचाळीस साली जिवावर उदार होऊन लपविले होते, त्याच जिल्ह्यात त्यांच्या सभा उधळल्या जाऊ लागल्या. वृत्तपत्रांतून कठोर टीका झाली. लोकांची माणसे गोळीबारात पडत असताना त्यांना हे बोलणे जखमेवर मीठ चोळल्यासारखे वाटले, यात नवल नव्हते. यशवंतरावांनी टीका सोसली, पण उलट शिवी दिली नाही. आपला मार्गही बदलला नाही.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी गुजरात, विदर्भ व मराठवाडा यांसह विशाल द्विभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात आले आणि यशवंतराव त्याचे मुख्यमंत्री झाले. तेव्हा ते त्रेचाळीस वर्षांचे होते. जे राज्य मराठी लोकांना नको होते आणि गुजराती लोकांनाही नको होते, ते चालविण्याचे काम त्यांच्याकडे आले. पुढच्या वर्षीच्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसचा दारुण पराभव केला. कराडमध्ये यशवंतराव कसेबसे थोड्या मतांनी निवडून आले. लोकांचे मत काय आहे, हे त्या आकड्यांनी त्यांना स्पष्टपणे सांगितले. त्यांनीही ते ऐकले.

३० नोव्हेंबर १९५७ रोजी प्रतापगडावर शिवछत्रपतींच्या अश्वारूढ पुतळ्याचे अनावरण नेहरूंच्या हस्ते व्हावयाचे होते. समितीने काळी निशाणे दाखविण्याचे ठरविले. वाटेवरील घाटांतून हजारो निदर्शक उभे राहिले. एखादा दगड भिरकावला गेला असता किंवा एखाद्या पोलिसाचा तोल सुटला असता, तर पुन्हा रक्त सांडले असते. मुख्यमंत्र्यांनी निदर्शनांवर बंदी घातली नाही. पोलिसांना संयम राखण्यास सांगण्यात आले. समितीच्या नेत्यांनीही आपल्या अनुयायांना शिस्तीत ठेवले. नेहरू त्या घोषणा ऐकत गडावर गेले, पुतळ्याचे अनावरण करून परतले आणि कोणाला ओरखडाही उठला नाही. मराठी जनतेची भावना किती खोल आहे, हे देशाच्या पंतप्रधानाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. त्या दिवसाच्या यशाचे श्रेय दोन्ही बाजूंना द्यावे लागेल.

त्यानंतर यशवंतरावांनी द्विभाषिकाचा कारभार निष्ठेने चालविला आणि त्याच वेळी ही रचना लोकांच्या मनाविरुद्ध टिकणार नाही, ही गोष्ट दिल्लीच्या नेत्यांना पटवून दिली. रस्त्यावर जनतेने लढा दिला. मंत्रणागृहात यशवंतरावांनी युक्तिवाद केला. कराडच्या न्यायालयातील वकील येथे आपल्या प्रांताची बाजू मांडत होता. अखेर केंद्राने निर्णय बदलला आणि १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य जन्माला आले. नेहरूंच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले आणि यशवंतराव पहिले मुख्यमंत्री झाले. हे राज्य लोकांनी प्राणांचे मोल देऊन मिळविले होते, हे मात्र कोणीही विसरता कामा नये.

नवे राज्य एखाद्या जातीचे होणार काय, अशी शंका तेव्हा काही विचारवंतांनी बोलून दाखविली होती. हे राज्य मराठी बोलणाऱ्या सर्वांचे असेल, कोणा एका जातीचे नव्हे, असे यशवंतरावांनी सांगलीच्या सभेत निःसंदिग्धपणे सांगितले. आपला शब्द कृतीत उतरविण्याचाही त्यांनी प्रयत्न केला. महारांना गावकीच्या कामाला जुंपणारी वतने रद्द करणारा कायदा त्यांच्याच कारकीर्दीत, १९५८ साली झाला. बौद्ध धर्म स्वीकारलेल्या बांधवांच्या सवलती राज्याने चालू ठेवल्या. विदर्भातील लोकांना हे राज्य आपलेही वाटावे म्हणून दरवर्षी विधिमंडळाचे एक अधिवेशन नागपुरास भरविण्याचा प्रघात पडला.

शिक्षणाविषयीची त्यांची तळमळ विशेष होती. १९५९ साली वार्षिक उत्पन्न बाराशे रुपयांहून कमी असलेल्या पालकांच्या मुलांना फी माफ करण्याचा निर्णय झाला. त्यात जात पाहावयाची नव्हती, केवळ गरिबी पाहावयाची होती. आपल्या भावांना शाळा का सोडावी लागली, हे ज्याला ठाऊक होते, त्याच माणसाने हा निर्णय घेतला. हजारो शेतकऱ्यांची व मजुरांची मुले त्यामुळे हायस्कुलात आणि महाविद्यालयात जाऊ शकली. १९५८ साली औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ आणि १९६२ साली कोल्हापुरास शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले. साताऱ्यात सैनिकी शाळा निघाली. मराठी ही राज्यकारभाराची भाषा व्हावी म्हणून भाषा संचालनालय निर्माण करण्यात आले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संस्कृती मंडळ स्थापन झाले आणि मराठी विश्वकोशाचे मोठे कार्य सुरू झाले.

शेतकरी एकत्र आले तर ते स्वतःचे कारखाने चालवू शकतील, असा यशवंतरावांचा विश्वास होता. म्हणून सहकारी साखर कारखान्यांना त्यांनी प्रोत्साहन दिले. सत्ता मुंबईतील सचिवालयातच कोंडून राहू नये म्हणून १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा व पंचायत समित्या सुरू झाल्या. आपल्या गावच्या शाळेचा आणि रस्त्याचा विचार करण्याचा अधिकार गावच्या माणसांना मिळाला. त्यातून खेड्यापाड्यांतील नवे कार्यकर्ते पुढे आले.

१९६२ च्या ऑक्टोबरात चीनने भारतावर आक्रमण केले. आपल्या सैन्याची पीछेहाट झाली आणि संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना पद सोडावे लागले. अशा वेळी नेहरूंनी यशवंतरावांना दिल्लीस बोलाविले. महाराष्ट्राची घडी नुकतीच बसू लागली होती आणि संरक्षणखात्याचा त्यांना काहीही अनुभव नव्हता. तरीही त्यांनी ही जबाबदारी स्वीकारली. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावून गेला, असे महाराष्ट्रात लोक अभिमानाने म्हणू लागले. पराभवाने खचलेल्या सैन्याला धीर देणे, सेनापतींचा विश्वास संपादन करणे आणि शस्त्रसामग्री वाढविणे ही कामे त्यांनी गाजावाजा न करता केली. सेनाधिकाऱ्यांच्या कामात त्यांनी ढवळाढवळ केली नाही. त्यांचे म्हणणे मात्र काळजीपूर्वक ऐकले.

तीन वर्षांनी या परिश्रमांची कसोटी लागली. १ सप्टेंबर १९६५ रोजी पाकिस्तानचे रणगाडे छांब भागात घुसले. दुपारी सेनाप्रमुख व हवाईदलप्रमुख यशवंतरावांकडे आले आणि विमाने वापरण्याची परवानगी त्यांनी मागितली. विमाने वापरणे म्हणजे युद्धाची व्याप्ती वाढविणे होय, हे यशवंतराव जाणून होते. पण विलंब झाला असता तर आघाडी कोसळली असती. त्यांनी तत्काळ परवानगी दिली आणि त्याच सायंकाळी भारतीय विमाने रणभूमीवर पोचली. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या खंबीर नेतृत्वाखाली देश त्या युद्धाला समर्थपणे सामोरा गेला. पुढे ताश्कंदच्या वाटाघाटींसाठी यशवंतराव शास्त्रीजींबरोबर गेले होते. करारानंतर त्याच रात्री शास्त्रीजींचे निधन झाले, तेव्हाही ते तेथेच होते.

१९६६ साली ते गृहमंत्री, १९७० साली अर्थमंत्री आणि १९७४ साली परराष्ट्रमंत्री झाले. १९७७ साली काँग्रेसचा पराभव झाल्यावर त्यांनी लोकसभेत विरोधी पक्षनेत्याचे काम केले आणि १९७९ साली काही महिने ते उपपंतप्रधान होते. या शेवटच्या काळात पक्ष फुटले, जुने सहकारी दूर गेले. यशवंतरावांचे काही निर्णय लोकांना रुचले नाहीत आणि ते निर्णय घेण्यास फार वेळ लावतात, अशी टीकाही झाली. सर्व बाजूंचा विचार करणाऱ्या माणसाला कधी कधी हा दोष चिकटतो.

राजकारणाच्या धकाधकीत त्यांनी पुस्तकांची संगत सोडली नाही. कवी, नाटककार, गायक यांची त्यांना ओढ होती. आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी ‘कृष्णाकाठ’ हे आत्मचरित्र लिहिले. त्यात बालपणापासून १९४६ पर्यंतचा कालखंड आला आहे. पुढचे भाग मात्र लिहावयाचे राहिले. १ जून १९८३ रोजी वेणूताईंचे निधन झाले. एकेचाळीस वर्षे सावलीसारखी साथ देणारी सहचारिणी गेल्यावर यशवंतराव मनाने एकाकी झाले. २५ नोव्हेंबर १९८४ रोजी दिल्लीत त्यांनी अखेरचा श्वास घेतला. त्यांचे पार्थिव कराडला आणण्यात आले आणि प्रीतिसंगमावर त्यांना अग्नी देण्यात आला. ज्या लोकांनी त्यांना एकदा लपविले, मग धिक्कारले आणि पुन्हा जवळ केले, तेच लोक त्या दिवशी नदीकाठी अश्रू ढाळीत उभे होते.

यशवंतरावांच्या हातून सर्वच बरोबर झाले असे नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर त्यांनी आधीच लोकांच्या बाजूने उभे राहावयास हवे होते, असे अनेकांना तेव्हा वाटले आणि आजही वाटते. परंतु लोकांचा राग ओढवून घेऊनही त्यांनी लोकांचा द्वेष केला नाही आणि सत्ता हाती असतानाही विरोधकाला शत्रू मानले नाही. आपण यशवंतराव चव्हाण होणार, असे एका शाळकरी मुलाने कागदावर लिहिले होते. त्या नावाला पुढे जो अर्थ आला, तो जात्यावरच्या ओव्यांनी, दोन भावांच्या त्यागाने, तुरुंगातील अभ्यासाने आणि कृष्णाकाठच्या साध्या माणसांनी घडविलेला होता.